गियर निघत नाही तेव्हा

रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायचं अवजार. त्याच्या साईड केसचा, म्हणजे बाजूच्या गियरच्या पेटीचा, खालचा बोल्ट सोडला की निम्मं निदान तिथेच होतं. काळं तेल आलं तर ते नुसतं जुनं झालंय. पांढरट, फेसाळ आलं तर आत पाणी गेलंय. पुतण्याच्या गॅरेजात यंदा अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, जो रोटाव्हेटर आला, त्यातून तेल आलंच नाही. आला तो चिखल, आणि त्यात वीतभर ठिबकची नळी.

आपल्या खान्देशात हे आता नेहमीचं झालंय. कापसाच्या, केळीच्या रानात इनलाइन नळ्या पसरलेल्या असतात. पीक निघाल्यावर सगळ्या गोळा केल्या म्हणतात, पण तुकडे मातीत राहतातच. मल्चिंगचा कागद तर अर्धा रानातच असतो. पात्यांचा रोटर फिरतो मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आगेमागे. नळी पात्यात अडकली की शाफ्टला गुंडाळत गुंडाळत टोकाला येते आणि ऑइल सीलच्या, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठात घुसते. सील कापलं गेलं की तेल बाहेर, माती आत. मालकाला पत्ता लागत नाही, कारण साईड केसचं तेल वर्षात एकदा तरी बघावं ही पद्धतच नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं तेल लोक काटेकोर बदलतात. मागे जोडलेल्या अवजाराला मात्र तेल लागतं हे विसरतात.

या रोटाव्हेटरचे मालक बोरी नदीकाठच्या एका गावचे. बागायती कापसाची लागण तोंडावर आलेली, विहिरीला पाणी असलेली माणसं मे संपायच्या आत सरी पाडायच्या घाईत. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "आप्पा, दोन दिनमा व्हई का?"

मी म्हटलं, गियर निघाला तर आजच होईल.

थोडं माझ्याबद्दल. मी फौजेत ईएमईला होतो, गाड्या आणि मशिनरीच्या दुरुस्तीवर. आता अमळनेरला पुतण्याच्या गॅरेजात खुर्ची टाकून बसतो. काम तोच करतो, मी बोलतो. अवघड काही आलं की तो पाना माझ्या हातात देतो, आणि तेवढ्यासाठीच मी रोज जातो.

साईड केसमध्ये तीन गियर असतात. वरचा मधल्या गियरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टवर, मधला आयडलर, म्हणजे नुसता फेरा पुढे देणारा, खालचा रोटरच्या शाफ्टवर. काही मशिनींत गियरऐवजी चेन असते. आमच्यात गियर होते. बेरिंग आणि सील बदलायचं तर खालचा गियर काढावाच लागतो, त्याशिवाय मागे हात जात नाही. तो शाफ्टवर स्प्लाइनने बसतो, म्हणजे शाफ्टला उभे दात आणि गियरच्या भोकाला तशाच खाचा. पुढून नट. नट निघाला की गियर हाताने ओढला तरी सरकायला हवा.

तो सरकला नाही. पुलर, म्हणजे आकड्यांनी (हुकांनी) धरून गियर ओढायचं हत्यार, लावला, तरी सरकला नाही. पुतण्या म्हणाला, "आप्पा, हाई निंघत नही." गॅरेजातला पोऱ्या घण घेऊन उभाच होता. या वयात पोरांना सगळ्या अडचणींवर घण हेच उत्तर वाटतं.

मला तेव्हा काश्मीर आठवलं.

स्नो स्कूटर बहुतेकांनी सिनेमात बघितली असेल. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, त्यावर बसून माणूस बर्फावरून जातो. गुलमर्गला पर्यटकांनाही फिरवतात. फौजेत ती मजेची गाडी नाही. जिथे चाकाची गाडी जात नाही तिथे रेशन, रॉकेल आणि कधी जखमी माणूस तिच्यावरून जातो. मी कुठल्या चौकीला होतो ते सांगत नाही. कारगिलनंतरचे काही हिवाळे तिकडे गेले एवढं पुरे.

तिची रचना समजायला सोपी आहे. इंजिनाच्या टोकाला एक पुली, तिच्यावरून बेल्ट, बेल्ट दुसऱ्या पुलीवर. वेग वाढेल तसा पुलीचा व्यास बदलतो. गियर नसलेल्या स्कूटरमध्ये हेच तत्त्व असतं, त्यामुळे आपल्या मेकॅनिकला तेवढा भाग परका वाटत नाही. दुसऱ्या पुलीचा शाफ्ट आडवा पलीकडे जातो आणि तिथे चेनकेस असते. ही ॲल्युमिनियमची बंद पेटी. आत वर लहान स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दात्यांचं चाक, खाली मोठं, मधे रुंद पट्ट्यांची चेन, चेन ताणून धरणारा एक टेन्शनर आणि पाव-अर्धा लिटर तेल. खालच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट पट्टा फिरवतो. पट्टा बदलायचा किंवा त्या शाफ्टचं बेरिंग बदलायचं म्हटलं की खालचं स्प्रॉकेट काढावंच लागतं. म्हणजे आमच्या रोटाव्हेटरचीच गत. स्प्लाइन तीच, नट तोच, सीलही तसंच, आणि गंजही.

तिथे पाणी वेगळ्या वाटेने शिरतं. दिवसभर चालून केस गरम होते, रात्री उणे तापमानात गार पडते, आतल्या हवेतली वाफ भिंतीला धरते. वर उन्हाळाभर मशीन उभी. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि तिथेच लाल धरतं. हिवाळा तोंडावर आला की सगळ्या स्कूटरी एकदम वर्कशॉपला येणार आणि त्यातल्या काहींची स्प्रॉकेटं जागची हलणार नाहीत, हे ठरलेलं.

चेनकेसमध्ये आणखी एक खुबी आहे, जी नव्या पोरांना कळायची नाही. चेन अखंड असल्यामुळे दोन्ही स्प्रॉकेटं चेनसकट एकत्र बाहेर ओढावी लागतात. वरचं सहज येतं, खालचं अडलेलं असतं. वरचं दोन बोटं बाहेर ओढलं की चेन तिरकी होते आणि मग दोन्ही अडतात. अशा वेळी वरचं परत आत ढकलायचं, टेन्शनर पूर्ण सैल करायचा आणि आधी खालच्याच्या मागे लागायचं. घाईत माणूस स्प्रॉकेट आणि केस यांच्यामध्ये कांब घालून उचकटतो. ॲल्युमिनियमची केस तिथे तडकते. अर्ध्या तासाच्या कामाचं मग महिनाभराचं होतं, कारण नवी केस डोंगराखालून वर यायची असते.

आमचे उस्ताद पंजाबचे. ते हत्याराला हात लावण्याआधी टॉर्च मागायचे आणि म्हणायचे, "पहले देख, पकड़ कहाँ है." धरून ठेवणाऱ्या गोष्टी अनेक असतात. नट, बोल्ट, सर्क्लिप म्हणजे खाचेत बसणारी कडी, चावी म्हणजे शाफ्ट आणि गियरमधली पट्टी, ग्रब स्क्रू, नटाखाली दुमडलेलं वॉशर. त्यातली एक जरी राहिली तरी कितीही ओढा, उपयोग नाही, उलट खाच मोडते. सर्क्लिप जुन्या ग्रीसच्या थराखाली दिसतच नाही. आपल्याकडे यात एक देशी भर पडते ती वेल्डिंगची. झिजलेल्या स्प्लाइनवर गियर डुगडुगायला लागला की गावातला वेल्डर दोन टाके मारून देतो. मशीन दोन हंगाम चालते, पण नंतर काढणाऱ्याची वाट लागते. म्हणून ब्रश, डिझेल आणि उजेड या तिघांचं काम आधी. टाका दिसला तर ग्राइंडरने घासून काढायचा, मगच पुलरचं नाव घ्यायचं.

आमच्या रोटाव्हेटरला टाका नव्हता, सर्क्लिप नव्हती. गियर धुतल्यावर स्प्लाइनच्या कडेने विटकरी लाल भुकटी निघाली. ती बघितली आणि कारण कळलं. गियर कोरडाच बसवलेला होता. शेवटी ज्याने कोणी बसवला त्याने स्प्लाइनला बोटभर ग्रीस लावलं नव्हतं. पात्याला दगड लागला की धक्का शाफ्टवरून स्प्लाइनवर येतो. दात दातावर केसाएवढं घासतात, लोखंडाची धूळ होते, धुळीला ओल लागून गंज होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो खाचेत बरणीत भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा फुगून बसतो. त्याला तेलाने थोडं सैल करता येतं, पण रात्रभर मुरू दिलं तरच.

डिझेल चालतं, पण सावकाश. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते कुठे मिळतं. स्प्रेचा डबा महाग असला तरी अशा वेळी तोच आणावा, कारण तो पातळ असतो आणि खाचेत चढतो. शाफ्ट उभा करता आला तर फार बरं, तेल वरून खाली उतरतं. आम्ही रोटर तिरका टेकवला, स्प्रे मारला, पुलर ताणून ठेवला आणि घरी गेलो. मालकांना हे पटलं नाही. पुलर लावून घरी जाणं म्हणजे काम टाळणं असं त्यांना वाटलं असावं. पण ताण दिलेला पुलर रात्रभर काम करत असतो, पगार न मागता.

पुलरबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण पोरं इथेच गियर बाद करतात. त्याचे आकडे दाताला लावायचे नाहीत. दात वरून कडक केलेला असतो, तो वाकत नाही, त्याचा टवका उडतो. आकडे मागून जाड भागाला, हबला, धरले पाहिजेत. आकड्यांना जागा नसेल तर हबवर आटे पाडलेली भोकं आहेत का ते बघायचं. असतील तर जाड पट्टीला भोकं पाडून दोन बोल्टांनी ओढता येतं, आणि ती पट्टी कुठल्याही विकतच्या पुलरपेक्षा चांगली, कारण ती सरळ ओढते. दोन आकड्यांच्या पुलरपेक्षा तीन आकड्यांचा घ्यावा, तो तिरका होत नाही. मधल्या स्क्रूच्या आट्यांना ग्रीस, आणि स्क्रूचं टोक व शाफ्ट यांच्यामध्ये एक जाड चकती.

दुसरी गोष्ट नटाची. गियर काढायचा म्हणून नट पूर्ण बाजूला ठेवू नका. दोन-तीन आटे परत चढवून ठेवा. ताण दिलेला गियर सुटतो तेव्हा बंदुकीचा आवाज करून सुटतो आणि सगळा पुलर त्याच्यासकट अंगावर येतो. नट असला की तो तिथेच थांबतो, आटेही वाचतात. आणि चष्मा घाला. कडक पोलादावर हातोडा पडला की कपची उडते.

सकाळी स्क्रू आणखी पाव फेरा फिरला, पण गियर नाही हलला. आता उष्णता.

इथे काश्मीरचा हिशेब आणि अमळनेरचा हिशेब वेगळा पडतो, आणि खरं तर हे लिहायला बसलो ते यासाठीच. लोखंड एका अंशाला फार थोडं फुगतं, पण फुगतं हे नक्की. ४० मिलिमीटरचं भोक धरा. ते शाफ्टपेक्षा १०० अंशांनी जास्त तापलं तर साधारण ०.०५ मिलिमीटर मोठं होतं, म्हणजे एका बारीक केसाइतकं. तेवढं पुरतं. पण गियर शाफ्टपेक्षा जास्त गरम असला पाहिजे. दोघं सारखेच तापले तर दोघं सारखेच फुगतात आणि पकड जिथल्या तिथे राहते.

स्नो स्कूटरला गॅसची ज्योत लावता येत नाही. बाजूला पेट्रोलची टाकी, प्लास्टिकचं अंग, आणि खालच्या तळात सांडलेलं तेल-पेट्रोल साचलेलं. तिथे आम्ही लंगरमधून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातून, उकळतं पाणी आणायचो. उंचीवर पाणी लवकर उकळतं. गुलमर्गच्या उंचीला, म्हणजे २,६०० मीटरच्या वर, ते ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. तेही भरपूर झालं. शाफ्ट उणे १० वर असतो. हबला फडकं गुंडाळून त्यावर पाणी ओतलं की मिनिटभर चांगला फरक मिळतो. मिळालेल्या त्या मिनिटात पुलर फिरवायचा. उशीर केला तर उष्णता शाफ्टमध्ये जाते आणि सगळं परत सारखं. थंडी तिथे बोटं गोठवायची, पाना हाताला चिकटायचा, पण या एका कामात ती आमच्या बाजूने होती.

अमळनेरला मे महिन्यात शेडखाली ठेवलेलं लोखंडसुद्धा चाळिशीच्या पुढे असतं. उन्हातल्या पान्याला हात लावता येत नाही. इथे गियर नुसता तापवून भागत नाही, शाफ्ट गार ठेवावा लागतो. मी पोऱ्याला पैसे दिले आणि रसवंतीवरून बर्फ आणायला पाठवलं. तो आणि मालक दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मालकांना वाटलं म्हाताऱ्याला रस प्यायचाय.

बर्फ फोडून गोणपाटात बांधला आणि शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकाला, रोटरच्या बाजूनेही जिथे हात पोचला तिथे, दाबून धरायला लावला. पुतण्याने गॅसचा बर्नर घेतला. ज्योत हबवर, दातांवर नाही, आणि एका जागी थांबवायची नाही, सतत फिरती. किती तापवायचं याला मर्यादा आहे. दातांची कडक साल दोनशे अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते. धातूवर गवती पिवळा रंग आला तर हद्द ओलांडली, निळा आला तर गियर भंगारात. रंगाची वाट बघत बसण्यापेक्षा मी सोल्डरची तार वापरतो. रेडिओवाल्यांची नेहमीची कथील-शिशाची तार १८३ अंशांना वितळते. ज्योत बाजूला करून तारेचं टोक हबला टेकवायचं. वितळलं की बर्नर बंद. थर्मामीटर असलेली बंदूक मिळते बाजारात, पण चकाकत्या लोखंडावर ती खोटं सांगते, आणि तार तशी सांगत नाही.

तार वितळली. पुतण्याने पुलरचा स्क्रू ताणला. मग मी पोऱ्याला म्हटलं, आता तुझा घण आण. त्याचा चेहरा उजळला. पुलरवर ताण असताना स्क्रूच्या डोक्यावर, अगदी सरळ रेषेत, एक ठोका. गियरवर नाही, केसवर नाही, तिरका तर मुळीच नाही, नाहीतर बेरिंगच्या गोळ्या रिंगेत खड्डे पाडतात. हे बेरिंग बदलायचंच होतं म्हणून मी इतका निर्धास्त होतो. चांगलं बेरिंग आत राहणार असतं तर पितळी हातोड्याच्या पुढे गेलो नसतो.

पहिल्या ठोक्याला काही नाही. स्क्रू परत ताणला. दुसऱ्या ठोक्याला जो आवाज झाला त्याने शेजारच्या पंक्चरवाल्याने मान बाहेर काढली. गियर नटाला येऊन टेकला होता. मालक मागे सरकले होते, बर्फ धरणारा माणूस गोणपाट टाकून पळाला होता.

गियर निघाला म्हणजे काम झालं असं नव्हे. ब्रशने स्प्लाइन साफ केल्यावर दिसलं की शाफ्टच्या दातांची एक बाजू झिजून तिथे पायरी झालीय. नखाने कळत होती. गियर नवा बसवला तरी तो त्या पायरीवर थोडा खेळणार. गियरचे दात मात्र चांगले होते, उष्णतेने काही झालं नव्हतं. कानस एका कोपऱ्यावर घासून बघितली, कानस घसरली. कडक आहे म्हणजे ठीक आहे.

मी मालकांना खरं ते सांगितलं. शाफ्ट बदलावा. शाफ्ट म्हणजे पात्यांचा पूर्ण रोटर, पैसे बरेच जातात. ते थोडा वेळ रोटाव्हेटरकडे बघत राहिले, मग म्हणाले, "यंदा चालू द्या, पुढला साल देखसूत." मला त्यात गैर वाटलं नाही. कापसाचं बियाणं, खत, मजुरी सगळं पुढ्यात असताना रोटरवर कोण खर्च करणार. झिजलेली स्प्लाइन एकदम तुटत नाही. आवाज वाढत जातो, वेळ देते. वेल्डिंगचे टाके मात्र मारू नका असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. ते मान हलवून हो म्हणाले, मनात काय होतं ते माहीत नाही.

बसवताना स्प्लाइनला तांब्याची भुकटी असलेलं ग्रीस लावलं. ते उष्णतेने वाळत नाही आणि दोन लोखंडांमध्ये पडदा धरून ठेवतं. नवं बेरिंग, नवं सील. सीलच्या ओठाला तेलाचं बोट लावून मगच आत ढकललं, कारण कोरडं सील पहिल्या तासातच जळतं. वॉशर नवं, जुनं दुमडून सरळ केलेलं परत दुमडलं की तुटतं. झाकणाचा कागदी गॅस्केट कापून बनवला. केसमध्ये ईपी, म्हणजे जास्त दाब सोसणारं, गियर तेल लेव्हलच्या बोल्टापर्यंत, त्याच्या वर नाही. जास्त भरलं की तेल तापतं, फुगतं आणि नव्या सीलमधून वाट शोधतं.

ट्रॅक्टरला जोडून पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट, आधी सावकाश, मग मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालवला. साईड केसला हात लावून बघितलं, कोमट होती. वरच्या गियरबॉक्समधून मात्र बारीक कुईं असा आवाज येत होता. पिनियनच्या, म्हणजे आतल्या लहान गियरच्या, बेरिंगचा असावा. पुतण्याने मालकांना सांगितलं. ते म्हणाले, तेही पुढच्या साली. आणि ट्रॉलीला रोटाव्हेटर बांधून निघाले.

निघण्याआधी मी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन एक साधा विळा दाखवला. दर दोन एकरांनंतर पीटीओ बंद करायचा, ट्रॅक्टरचं इंजिन बंद करायचं, चावी खिशात टाकायची, आणि मग शाफ्टच्या टोकाला गुंडाळलेली नळी, कागद, कापसाच्या पराट्यांच्या साली विळ्याने कापून काढायच्या. चावी खिशात हा भाग मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला. त्याने विळा सीटखाली ठेवला.